कळमनुरीतला ‘ना’

मराठीतला ‘ना’ हा एका अक्षराचा शब्द. जीभ वरच्या दातांमागे टेकवायची, नाकातून हवा सोडायची आणि तोंड उघडायचे, की तो झाला. मूल बोलू लागते तेव्हा सुरुवातीलाच जमणाऱ्या आवाजांपैकी हा एक. हिंगोलीहून नांदेडकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या कळमनुरीत हा आवाज एका दिवसात वेगवेगळ्या भाषांतून कानावर येतो आणि दर वेळी त्याचा अर्थ निराळा असतो. हे गाव १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते, नंतर दीर्घकाळ परभणी जिल्ह्यात राहिले आणि १ मे १९९९ रोजी हिंगोली जिल्हा झाला तेव्हा त्यात आले. गावाची भाषा मराठी. तिच्या शेजारी मुसलमान वस्तीतली दखनी उर्दू, मशिदीतली अरबी, कचेरीच्या कागदांवर अजून टिकून असलेले फारसी शब्द, आणि पूर्वेला नांदेडच्या सीमेवर सुरू होणारी तेलुगू. ‘ना’ या सगळ्यांत आहे. काही ठिकाणी तो नकार आहे, एका ठिकाणी ‘आमचा’, तर दुसऱ्या ठिकाणी ‘माझा’.

आधी मराठीतलाच पाहावा, कारण एकट्या मराठीत त्याची इतकी कामे आहेत की परक्या भाषेकडे जाण्यापूर्वीच माणूस थक्क होतो. कयाधूच्या काठच्या शेतकऱ्याची दोन वाक्ये घ्यावीत. मृग कोरडा चालला की तो म्हणतो, ‘पाऊस येईना.’ आभाळ भरून आले की शेजाऱ्याला विचारतो, ‘पाऊस येईल ना?’ पहिल्या वाक्यात ‘ना’ क्रियापदाला चिकटला आहे आणि त्याने पाऊस अडवून धरला आहे. दुसऱ्यात तो क्रियापदापासून किंचित सुटा आहे आणि पाऊस यावाच म्हणून दुसऱ्याचा दुजोरा मागतो आहे. मधे फरक एका ‘ल’चा आणि अर्ध्या श्वासाचा. एकच अक्षर एकदा आशा मोडते, एकदा ती धरून ठेवते.

बाकीचे उपयोगही असेच. ‘सांग ना’, ‘बस ना थोडा वेळ’ यांत आज्ञेची धार काढून तिची विनंती करणारा ‘ना’ आहे. ‘मी आहे ना!’ यात तो धीर देतो. ‘काल ना, एक गंमत झाली’ यात त्याला स्वतःचा अर्थच नाही; ऐकणाऱ्याला जवळ ओढून घेणे एवढेच त्याचे काम. ‘त्याला माझी ना नाही’ म्हणताना तो चक्क नाम होतो, त्याला स्त्रीलिंग मिळते आणि दोन नकार मिळून संमती तयार होते. ‘जाईना का’, ‘असेना का’ यांत तो बेफिकिरी दाखवतो. ‘कोणी का असेना’ म्हटले की सगळ्यांना सारखेच लेखतो. ‘शेंडा ना बुडखा’, ‘आगा ना पिछा’ अशा जोडशब्दांत तो मधे उभा राहून दोन्ही बाजूंना नाकारतो. शिवाय शाळेत ‘स, ला, ना, ते’ म्हणून घोकलेला विभक्तीचा प्रत्यय आहेच: मुलांना, गुरांना, पाहुण्यांना. तो मूळचा दुसऱ्याच घराण्यातला आहे, पण आवाज तोच. ‘त्यांना ना, झोपच येईना’ या चार शब्दांच्या वाक्यात विभक्तीचा, सलगीचा आणि नकाराचा असे तीन ‘ना’ ओळीने येतात. व्याकरणाचा एकही धडा न शिकलेले पाच वर्षांचे मूल ते बिनचूक वेगळे करते. भाषेच्या अभ्यासात याहून मोठे नवल क्वचितच सापडेल.

नकारातून विनवणी कशी निघाली? ‘येतोस ना?’ हे ‘येतोस, की ना येतोस?’ याचे आकसलेले रूप मानणे सयुक्तिक आहे. बोलणारा दोन्ही वाटा समोर ठेवतो, पण दुसरी इतक्या हळू आवाजात की ऐकणाऱ्याने पहिलीच धरावी. हा मार्ग एकट्या मराठीने काढलेला नाही. हिंदीत ‘आओगे ना?’ आहे, आणि जर्मन व फ्रेंच माणसेही वाक्याच्या शेवटी ‘नाही का?’ अशा अर्थाचे शेपूट लावून होकारच मागतात. ज्याला दुसऱ्याचे मन राखून विचारायचे आहे, तो नकाराची सोय आधी करून देतो. मराठी सभ्यतेचा फार मोठा भाग या एका अक्षराने सांभाळला आहे, असे म्हणायला हरकत नाही.

या अक्षराचा दुटप्पीपणा नवा नाही. वेदांत ‘न’चे दोन अर्थ आहेत: एक ‘नाही’ आणि दुसरा ‘सारखा’. एकाच शब्दाने नाकारायचेही आणि उपमाही द्यायची, ही अडचण यास्काने निरुक्ताच्या पहिल्या अध्यायातच हाताळली आहे. तो सांगतो की बोलीत ‘न’ फक्त निषेधाचा आहे, वेदांत मात्र दोन्ही आहेत; आणि ओळखायचे ते जागेवरून. ज्याचा निषेध करायचा त्याच्या आधी ‘न’ येतो. ज्याची उपमा द्यायची त्याच्या नंतर येतो. त्याने दिलेल्या दोन उदाहरणांपैकी एकात लोक इंद्राला देव मानत नाहीत, दुसऱ्यात कोणी मद्याने धुंद झालेल्यांसारखे आहेत. दोन्हींत अक्षर एकच. अर्थ शब्दाच्या पोटात नसून त्याच्या जागेत असू शकतो, हे इतक्या जुन्या काळी इतक्या नेमकेपणाने सांगणारा ग्रंथ जगात दुसरा सापडणे कठीण. मराठीने पुढे जागांची अदलाबदल केली. जुन्या मराठीत ‘न करी’, ‘न बोले’ असा क्रियापदाआधी येणारा नकार आज ‘करीना’, ‘बोलेना’ असा मागे जाऊन चिकटला. पण जागेवरून अर्थ ओळखण्याची यास्काची युक्ती तशीच लागू पडते. नाही, नको, नये, नव्हे, नसणे ही मराठीची नकाराची सगळी फौज याच एका ‘न’मागून चालत आली आहे.

हे घराणे फार दूरवर पसरले आहे. अवेस्ता आणि फारसीतला ‘न’, लॅटिनमधला ‘ने’, रशियनमधला ‘न्ये’, लिथुआनियन ‘ने’, इंग्रजीतला ‘नो’ हे सारे संस्कृत ‘न’चे सख्खे-चुलत भाऊ. यांचा सारखेपणा योगायोगाचा नाही. एका मूळ भाषेतून ते वारशाने आले. पण घराण्यातही सावध राहावे लागते. ग्रीक ही त्याच कुळातली भाषा. तिने नकारासाठी ‘न’ टाकून वेगळाच शब्द धरला, आणि आजच्या ग्रीकमध्ये ‘ने’ म्हणजे ‘हो’. अथेन्समध्ये उतरलेल्या मराठी माणसाला कोणी ‘ने’ म्हटले तर त्याला नकार ऐकू येईल, मिळालेला असेल होकार.

फारसी ‘ना’ मराठीत दुसऱ्या वाटेने शिरला. तो शब्दाच्या पुढे जोडला जाणारा उपसर्ग: नापसंत, नाखूश, नाउमेद, नादान, नादुरुस्त. कळमनुरीसारख्या गावात तो पिढ्यान् पिढ्या सरकारी कागदातून आला. बहमनी, निजामशाही, मोगल आणि शेवटी आसफजाही, सगळ्यांचा दफ्तरी व्यवहार फारसीत. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हैदराबाद संस्थानात फारसीची जागा उर्दूने घेतली, पण शब्द तेच राहिले. अर्ज नामंजूर होई, कबुली नाकबूल होई, फी भरू न शकणारा विद्यार्थी नादार ठरे. आजही कोणत्याही तहसील कचेरीत सर्वांत जास्त मागणी असलेल्या कागदांपैकी एकाचे नाव या ‘ना’ने सुरू होते: ना हरकत प्रमाणपत्र. अरबीत ‘हरकत’ म्हणजे हालचाल. मराठीत तिचा अर्थ आक्षेप झाला. परवानगी द्यायचा कागद नकाराने सुरू होतो आणि त्यात कोणालाही काही विचित्र वाटत नाही.

मराठीने हा उपसर्ग परका म्हणून जपून ठेवला नाही, कामाला लावला. ‘पीक’ हा देशी शब्द. त्याला ‘ना’ लावून ‘नापीक’ झाला आणि खारवट, खडकाळ जमिनीला नेमका शब्द मिळाला. इंग्रजी ‘पास’ला लावून ‘नापास’ झाला. क्रिकेटच्या मैदानावर ‘नाबाद’ आला. फारसी येणारा एकही माणूस गावात उरला नसेल, तरी तिचा हा उपसर्ग नवे शब्द घडवतोच आहे. मात्र सुरुवातीला दिसणारा प्रत्येक ‘ना’ नकाराचा नसतो. ‘नाजूक’मध्ये नकार नाही, त्याचे मूळ ‘नाज’, म्हणजे लाड, नखरा. कोकण किनाऱ्यावरचा ‘नाखवा’ तर कान फसवण्याचा उत्तम नमुना आहे. फारसी ‘नाखुदा’ हा शब्द तोडला की ‘ज्याला खुदा नाही तो’ असा अर्थ दिसतो. खरी फोड ‘नाव’ आणि ‘खुदा’ अशी आहे: नावेचा धनी. समुद्रावर माणसांचे प्राण ज्याच्या हाती, त्याच्या नावातला ‘ना’ होडीचा आहे.

मशिदीतून ऐकू येणारा ‘ना’ याहून वेगळा. अरबी ही संस्कृत-फारसीच्या कुळातली नव्हे. ती हिब्रूच्या, म्हणजे सेमिटिक कुळातली. तिच्यात शब्दाच्या शेवटी जोडलेला ‘ना’ म्हणजे ‘आमचा’ किंवा ‘आम्हाला’. ‘रब्बना’ म्हणजे आमचा पालनकर्ता. हा ‘ना’ मराठी माणूस रोज उच्चारतो, फक्त ओळखत नाही. ‘मौलाना’ हा शब्द ‘मौला’ आणि ‘ना’ यांचा: आमचे स्वामी. दाऊदी बोहरा समाजाचे धर्मगुरू ‘सय्यदना’, तेही ‘आमचे सय्यद’. कोणी हिंदू माणूस आदराने ‘मौलानासाहेब’ म्हणतो तेव्हा शब्दाच्या मूळ अर्थाने तो त्यांना ‘आमचे’ म्हणून जातो. कळमनुरीत नुरीबाबांचा दर्गा आहे आणि मराठवाड्यातल्या बहुतेक दर्ग्यांप्रमाणे तिथे जाणारे सगळे एका धर्माचे नाहीत. तिथल्या ओठांवर ‘आमचा’ हा अर्थ व्याकरणाच्या आधीच पोचलेला असतो.

तेलुगूतला ‘ना’ तिसऱ्याच कुळातला, द्राविडी. त्याचा अर्थ ‘माझा, माझी, माझे’. ‘ना पेरु’ म्हणजे ‘माझे नाव’. मराठी कानाला त्यात नकार आणि एक फळ ऐकू येते. गोंधळ इथे थांबत नाही, कारण तेलुगूत ‘नी’ म्हणजे ‘तुझे’ आणि ‘मी’ म्हणजे ‘तुमचे’. मराठी माणूस ज्या अक्षराने स्वतःचा निर्देश करतो त्याच अक्षराने तेलुगू माणूस समोरच्याला आदर देतो. मराठी ज्याने नाकारतो त्याने तेलुगू आपली मालकी सांगतो. कन्नडमध्ये ‘नानु’चे बोलण्यातले आखूड रूप ‘ना’, म्हणजे ‘मी’. तेलुगू आणि कन्नड या बहिणी असल्याने त्यांचा ‘माझा’ आणि ‘मी’ एकाच मुळाचे आहेत. तमिळ हीही त्यांची बहीण, पण तिच्यातला ‘ना’ म्हणजे जीभ, आणि त्याचे मूळ वेगळे.

हैदराबाद संस्थानाच्या सोळा जिल्ह्यांत आठ तेलुगू, पाच मराठी आणि तीन कन्नड, आणि वर राज्यकारभाराची उर्दू. या संस्थानातल्या सैन्यात, रेल्वेत, कोर्टात, बाजारात माणसे एकमेकांना भेटत तेव्हा ‘नाही’, ‘आमचा’, ‘माझा’ आणि ‘मी’ हे चार अर्थ एका आवाजात समोरासमोर येत. मराठवाड्यात वडार, पद्मशाली अशा समाजांच्या कित्येक घरांत अजून तेलुगूच्या बोली आहेत. तिथली मुले आईशी बोलताना ‘ना’ म्हणजे माझे, आणि अंगणात खेळताना ‘ना’ म्हणजे नाही, असे दिवसातून अनेकदा उंबरठा ओलांडतात. अशा मुलांच्या या कौशल्याकडे शाळांनी आजवर पुरेसे लक्ष दिलेले नाही. दोन भाषांत एका अक्षराचे दोन अर्थ सांभाळणे ही खरी विद्या आहे. तिला ‘अशुद्ध बोलणे’ म्हणणे अन्यायाचे.

परभाषेतला शब्द आपल्या भाषेच्या अर्थाने ऐकण्याची खोड भारतात फार पूर्वी नोंदली गेली आहे. सातव्या शतकाच्या सुमाराचा मीमांसक कुमारिल भट्ट तंत्रवार्तिकात द्राविडी शब्दांची यादीच देतो. ‘चोर्’ म्हणजे शिजवलेला भात. संस्कृत जाणणारा त्यात चोर पाहतो. ‘पाम्प्’ म्हणजे साप. हा त्याला पाप समजतो. ‘वैर्’ म्हणजे पोट. हा त्याचा वैरी करतो. शेवटी व्यंजन असलेल्या शब्दाला आपला एक स्वर जोडायचा आणि आपला अर्थ लादायचा, ही पद्धत कुमारिलाला मान्य नाही. त्याच्या वादाचा विषय वेदातल्या परक्या शब्दांचा अर्थ कसा लावावा हा होता, भाषाशास्त्र नव्हे. तरीही परक्या शब्दाचा अर्थ ज्यांची ती भाषा आहे त्यांना विचारावा, ही त्याची दिशा आजही बरोबर आहे. ही तीन उदाहरणे आजच्या तमिळमध्ये ‘चोरु’, ‘पाम्बु’, ‘वयिरु’ या रूपांत जिवंत आहेत.

दोन भाषांत एकसारखा शब्द दिसला की तीन शक्यता असतात. तो वारसा असेल, उसनवारी असेल किंवा निव्वळ योगायोग. मराठी ‘न’ आणि रशियन ‘न्ये’ हा वारसा. मराठी ‘नापीक’मधला ‘ना’ ही उसनवारी. मराठी ‘ना’ आणि तेलुगू ‘ना’ हा योगायोग. अर्थ वेगळा असला की योगायोग लवकर पटतो. अर्थही जुळला की माणूस फसतो. मराठीत ‘बदनाम’, ‘बदसूरत’ यांतून आलेला फारसी ‘बद’ आणि इंग्रजी ‘बॅड’ यांचा उच्चार जवळचा, अर्थ एक, भाषाही एकाच मोठ्या कुळातल्या, आणि तरी या दोन शब्दांचा एकमेकांशी संबंध नाही. कोरियन भाषेत ‘ना’ म्हणजे ‘मी’, अगदी कन्नडसारखे. अशाच साम्यांवर विसंबून होमर हल्बर्ट यांनी १९०५ मध्ये कोरियन आणि द्राविडी भाषांचे तुलनात्मक व्याकरण प्रसिद्ध केले. भाषाभ्यासकांनी ते नाते स्वीकारलेले नाही. एकदोन शब्द जुळणे पुरेसे नसते. एका भाषेतल्या अमुक ध्वनीसमोर दुसरीत तमुक ध्वनी, असे शेकडो शब्दांत नियमाने घडावे लागते, तेव्हा नाते सिद्ध होते.

एका अक्षराच्या शब्दांत योगायोग तर टाळताच येत नाही. मराठी वर्णमालेत ३४ व्यंजने. बारा स्वरचिन्हांनी त्यांची बाराखडी केली तर ४०८ अक्षरे होतात. जपानीत अशी अक्षरे शंभराच्या आसपास. हवाईयन भाषेत व्यंजने अवघी आठ आणि स्वर पाच. जगात भाषा सुमारे सात हजार, प्रत्येकीला रोजच्या वापराचे आखूड शब्द हवेत, आणि वारंवार लागणारे शब्द आखूडच असतात. ‘न’ आणि ‘आ’ हे दोन्ही ध्वनी जवळपास सगळ्या भाषांत आहेत. त्यामुळे ‘ना’ कुठेही काहीतरी असणारच. हवाईयनमध्ये तो अनेकवचनाचे चिन्ह आहे, स्वाहिलीत ‘आणि’, रशियनमध्ये ‘वर’ (आणि काही देताना ‘घे’), थाई भाषेत सूर बदलला की एकदा भाताचे शेत, तर एकदा वाक्याच्या शेवटी येऊन विनंती मऊ करणारा शब्द. हा शेवटचा मराठीच्या ‘ये ना’ला किती जवळचा!

त्याहून विलक्षण जपानी. तिथे क्रियापदानंतर ‘ना’ ठेवला की मनाई होते: ‘इकु ना’, म्हणजे जाऊ नकोस. आणि तोच ‘ना’ वाक्याच्या शेवटी वेगळ्या सुरात आला की ऐकणाऱ्याची सहमती मागतो, ‘छान आहे ना’ म्हणावे तसा. एकाच अक्षरात नकार आणि दुजोरा, दोन्हींतला भेद सुराचा: हे हुबेहूब मराठीसारखे. जपानी आणि मराठी यांचा कसलाही संबंध नाही. कोणी कोणाकडून घेतले नाही. दुसऱ्याला थांबवणे आणि दुसऱ्याची साथ मागणे या दोन गरजा मात्र सगळीकडच्या माणसांना आहेत, आणि दोन्ही तातडीच्या असल्याने त्यांना आखूड शब्द लागतो.

ऐकणारा हे सगळे निवडतो कसे? पहिली खूण जागेची, यास्काने सांगितलेली. दुसरी सुराची: ‘येईल ना?’चा शेवट वर चढतो, ‘येईना’चा खाली उतरतो. तिसरी आजूबाजूच्या शब्दांची. ‘पेरु’ मागून आला की ‘ना’ तेलुगू झाला, ‘मौला’ पुढे असला की अरबी, ‘हरकत’ मागे लागली की कचेरीतला. आणि चौथी, जी व्याकरणात मांडत नाहीत पण निर्णायक असते, ती म्हणजे बोलणारा कोण आणि कुठे उभा आहे. एकटा उच्चारलेला ‘ना’ कोणत्याही भाषेचा नसतो.

कळमनुरीच्या बाजारात या देवघेवीचा एक पुरावा रोज ऐकू येतो. दखनी बोलणाऱ्यांकडे उर्दूचे ‘ना’, ‘नहीं’ आणि ‘मत’ असे तीन नकार आधीपासून होते. तरी त्यांनी मराठीचा ‘नको’ घेतला आणि दखनी वळणाने तो ‘नक्को’ केला. कारण ‘मत’ फक्त कृती थांबवतो. ‘नको’ मात्र कृतीही थांबवतो आणि वस्तूही नाकारतो. ‘जाऊ नको’ आणि ‘चहा नको’ हे दोन्ही त्या एका शब्दात बसते. तशी सोय उर्दूच्या एकाही शब्दात नव्हती. मराठीचा जोर देणारा ‘च’ही दखनीने असाच उचलला: ‘मीच’ तसे ‘मैंच’. हे शब्द कोणी शिकवले नाहीत. एका फळीवर बसून उधारी लिहिता लिहिता, एका विहिरीवर पाणी भरता भरता ते गेले. आता मराठी मूल ‘नको ना’ म्हणते आणि शेजारचे दखनी मूल ‘नक्को ना’. दोन्हींत दोन शब्द आहेत, दोन्ही शब्दांमागे तोच एक जुना ‘न’ आहे, आणि त्यांतला पहिला नकार देतो, दुसरा आर्जव करतो.